मला किनारा म्हणू नकोस

जपानच्या किनाऱ्यावरच्या मिनोहामा गावात, कालवं फोडायच्या शेडमध्ये वेळ घड्याळावर मोजत नाहीत, गाण्यावर मोजतात. "आले दोन गाण्यांत," म्हणून बाई घरी जाऊन भाताचा कुकर लावून येते. "तीन गाणी झाली, अजून चहा नाही," अशी तक्रार होते. एका गाण्यात बरा हात असलेली बाई पस्तीस कालवं फोडते, चांगला हात असलेली चाळीस. चिझुरू हामावाकीचा हात चव्वेचाळीसचा. ही गोष्ट ती स्वतः कधी सांगत नाही, कारण शेडमधल्या बाकीच्या आठ जणी ती परस्पर सांगतात.

गाणं एकच. जुन्या टेपरेकॉर्डरवर पहाटे पाचला ते सुरू होतं आणि शिंपल्यांचा ढीग संपेपर्यंत वाजत राहतं.

मला किनारा म्हणू नकोस,
वाट पाहायला मी जन्मले नाही.
सुकाणू इकडे दे,
वारा मलाही ओळखतो.

गावातले पुरुष दारू पिताना जी गाणी म्हणतात त्यांत पुरुष म्हणजे होडी आणि बाई म्हणजे किनारा. होडी जाते, किनारा रडतो. कधीकधी किनारा लोकरीचा स्वेटरही विणतो. अशी गाणी म्हणणाऱ्या पुरुषांना त्याच गावात रोज पहाटे हे दुसरं गाणंही ऐकावं लागायचं, कारण हामावाकींची शेड धक्क्याला लागून आहे आणि होडीत बसायला दुसरी वाट नाही.

टेप चिझुरूची. लग्नाआधी ती कुरे शहरातल्या एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायची. हातात पांढरे मोजे, डोक्यावर टोपी, आणि दिवसातून चारशे वेळा कमरेत वाकून "वर जात आहोत" आणि "खाली जात आहोत". ती राहायची त्या खोलीत रेडिओवर तेव्हा आखूड केसांच्या, रुंद खांद्यांचा कोट घालणाऱ्या गायिकांची चलती होती. एकीचं गाणं होतं साहेबाच्या टेबलावर राजीनामा ठेवून लाल बूट विकत घ्यायला जाणाऱ्या मुलीचं. एकीचं होतं पहाटे ट्रक हाकणाऱ्या आईचं. दिवसभर वाकून आलेल्या चिझुरूला ती गाणी पाठीला तेल लावल्यासारखी वाटायची. एका थंडीत तिनं टेपरेकॉर्डर रेडिओला टेकवून ती टेप करून घेतली. किनाऱ्याचं गाणं संपता संपता जिन्याखालून घरमालकीण ओरडली, "आंघोळीचं पाणी निवतंय." तेही टेपवर आलं. ती कायमची टेपवर राहिली.

एकविसाव्या वर्षी चिझुरू लग्न होऊन मिनोहामात आली ती कपड्यांचं कपाट, गाद्यांचा जोड आणि हा टेपरेकॉर्डर घेऊन. सासूबाईंनी कपाट उघडून पाहिलं, गादी दाबून पाहिली आणि टेपरेकॉर्डरकडे बोट दाखवून विचारलं, "आणि हे काय खातं?"

"बॅटरी," चिझुरू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला शेडमध्ये उभं केलं. शहरातल्या पोरीचे हात आठ दिवसांत सोलून निघतील अशी सगळ्यांची खात्री होती, आणि तसे ते निघालेही. शेडची मुख्य बाई हारुए. तिच्या मते सून ही फक्त दोन प्रकारची असते, रडणारी आणि रडून झाल्यावर काम करणारी. चिझुरू तिसरीच निघाली. ती गात काम करायची. नवव्या दिवशी तिनं टेप लावली. हारुएनं टेपरेकॉर्डरकडे एकदा पाहिलं आणि पुढचं कालव उचललं. दहाव्या दिवशी टेप लागली नाही तेव्हा तिनं विचारलं, "ती बाई आज आजारी आहे का?"

पुढे खाऱ्या हवेनं टेपवरची बाकीची गाणी एकेक करून खाल्ली. चिझुरूची मुलगी मिनाको तेव्हा शाळेत होती. तिनं मैत्रिणीकडच्या मशीनवर किनाऱ्याचं गाणं टेपच्या दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा भरून दिलं, घरमालकिणीसकट. त्यामुळे शेडमध्ये गाणं संपलं की नऊ बायका सुरी खाली न ठेवता एका सुरात म्हणतात, "आंघोळीचं पाणी निवतंय," आणि पुढचं कालव उचलतात. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटतं. मिनोहामात बाहेरची माणसं फार येत नाहीत.

मिनाको मोठी झाली, कुरेला केस कापायच्या दुकानात लागली आणि एकदा तिनं आईला आणि हारुएला शहरात गाण्याच्या खोलीत नेलं. तिथे पडद्यावर ओळी येतात आणि मागे वाद्यं वाजतात. मिनाकोनं किनाऱ्याचं गाणं लावलं. चिझुरू माईक घेऊन उभी राहिली आणि पहिल्याच कडव्यात दोन ओळी मागे पडली. गाणं धावत होतं. तिनं गाठायचा प्रयत्न केला, धाप लागली, शेवटी तिनं माईक खाली केला. पडद्यावर मूळ गायिका दिसत होती, वीस-एकवीस वर्षांची, चिमणीसारख्या आवाजाची, सशासारखी उड्या मारणारी.

"ही कोण?" हारुएनं विचारलं.

"हीच ती," मिनाको म्हणाली. "हारुए-आजी, तुमच्या टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालाय. गाणं असंच आहे, तुमचंच हळू वाजतं."

"काहीतरी बोलू नकोस. ती पन्नाशीची बाई आहे. जाड मानेची. एक मुलगा गेलेला आहे तिचा, आवाजावरून कळतं." हारुएनं पडद्याकडे नापसंतीनं पाहिलं. "यांचंच मशीन बिघडलंय."

माणूस म्हातारा होतो तसंच ते गाणं हळू झालं होतं, रोज पाहणाऱ्याला न कळता. परत येताना बसमध्ये चिझुरूनं मांडीवर बोटांनी त्या धावत्या गाण्याचा ताल धरून पाहिला. मग म्हणाली, "तेव्हा मला एवढी घाई होती का?" मिनाकोनं टेपरेकॉर्डरला नवा पट्टा बसवून द्यायची तयारी दाखवली. शेडनं ती एकमुखानं नाकारली. त्या धावत्या गाण्यावर कालवं फोडायची तर बोटं राहिली नसती.

चिझुरूचा नवरा योशिकाझु अबोल माणूस होता. समुद्रातल्या कालवं वाढवायच्या तराफ्यांवरून परत येताना तो तेच गाणं बेसूर गुणगुणायचा आणि धक्का जवळ आला की थांबायचा, कोणी ऐकू नये म्हणून. सगळे ऐकायचे. एका डिसेंबरात दोर बांधता बांधता तो धक्क्यावरच बसला, तो पुन्हा उठला नाही.

एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, भटजी गेले, सासूबाई आडव्या झाल्या, आणि धाकटा दीर तेत्सुजी चहाचा पेला गोल फिरवत म्हणाला, "वहिनी, दादाचे बारा तराफे आता माझ्या नावावर करून घेऊ. काळजी करू नका, शेडमधली तुमची जागा कुठे जात नाही."

"जागा जात नाही हे खरं," चिझुरू म्हणाली. "मीच जाईन म्हणते."

"कुठे?"

"तराफ्यांवर."

तेत्सुजी हसला. वाईट माणूस नव्हता तो. त्याला खरंच हसू आलं. "वहिनी, दादाची होडी म्हणजे तुमची लिफ्ट नव्हे."

"लिफ्ट जास्त अवघड होती. कालवं निदान 'सातव्या मजल्यावर घ्या' म्हणून डोकं खात नाहीत."

"म्हणजे तुम्ही गंभीरपणे बोलताय?"

"भाऊजी, या तराफ्यांवरचं एकेक कालव अठ्ठावीस वर्षं माझ्या हातातून गेलंय. कुठल्या रांगेत पाणी गोड आहे, कुठल्या रांगेत खेकडे लागतात, हे मला आतला गर बघून कळतं. तुमच्या दादाला मीच सांगायचे. तो जाऊन तराफा हलवायचा."

तेत्सुजीचा पेला फिरायचा थांबला. त्याच्या भावानं हे त्याला कधी सांगितलं नव्हतं.

पण तराफे घराच्या नावावर नसतात. ते मच्छीमार सोसायटीच्या सभासदाच्या नावावर असतात. सभासद व्हायला वर्षातले नव्वद दिवस समुद्रावर काम केलेलं लागतं. रोज परत आल्यावर सोसायटीच्या कचेरीत पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा. शेडमधले दिवस धरत नाहीत. चेअरमन कुसुनोकी हे शिस्तीचे गृहस्थ, पँटची इस्त्री समुद्रावरही न मोडणारे. त्यांनी तिला नियम वाचून दाखवला आणि चष्मा काढला.

"शेडमधलं काम समुद्रावरचं धरत नाहीत, चिझुरू-सान. जमिनीवरचं आहे ते."

"कालवं डोंगरावर येतात का?"

"नियम मी केलेला नाही. पण एक करता येईल. एक जून ते एकतीस मे. नव्वद शिक्के दाखवा, जूनच्या वार्षिक सभेत नाव ठेवतो. एकोणनव्वद असले तर तराफे तेत्सुजीकडे. पुन्हा मला बोलायला लावू नका."

चिझुरू कमरेत वाकली. लिफ्टमधली सवय होती, पण या वेळी ती नेहमीपेक्षा थोडी कमी वाकली, असं कुसुनोकींना वाटलं.

होडीचा परवाना तिनं महिन्याभरात काढला. खरं शिकणं त्यानंतर झालं. नव्या कालवांच्या माळा लटकवणं, भरलेल्या माळा यारीनं वर ओढणं, वाऱ्यात तराफ्याच्या ओल्या बांबूवरून चालणं. पहिल्या महिन्यात ती तीनदा पाण्यात पडली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा शेजारच्या होडीतून जाळी विणणारे म्हातारे गेन्झो म्हणाले, "पोरी, पाणी मोजायचं असेल तर दोरी टाक, स्वतःला कशाला टाकतेस?"

पहाटेच्या अंधारात तिला अंतर कळायचं नाही. मग तिनं शेडमधलीच युक्ती वापरली. होडीचं मशीन अगदी मंद ठेवून गाणं म्हणायला लागायचं. एक गाणं म्हणून होतं तेव्हा तराफ्यांची पहिली रांग येते, दुसरं संपतं तेव्हा स्वतःचे तराफे, तिसरं संपलं की तेत्सुजीचे. त्यापलीकडे मोठ्या फेरीबोटींची वाट. इतर होडीवाले जीपीएसच्या पडद्यावरचं टिंब बघून जायचे, ती गाणं म्हणत जायची. सगळ्यांनी भरपूर चेष्टा केली. तेत्सुजी म्हणायचा, "वहिनींच्या होडीला डिझेल लागत नाही, वहिनींना पडसं झालं नाही म्हणजे झालं."

शेडमधलं काम सांभाळून आठवड्याला दोनेक दिवस जमत होते. ऑक्टोबरात वादळानं सहा खाल्ले. फेब्रुवारीत सासूबाई न्हाणीघरात घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, तीन आठवडे दवाखान्यात गेले. तेत्सुजीची बायको साचिए रात्रीची थांबायची, दिवसा चिझुरू. "जा ना तुम्ही समुद्रावर, आईंचं मी बघते," साचिए एकदा म्हणाली. चिझुरूनं मान हलवली. सासूबाईंना दुसऱ्या कुणाच्या हातची पेज चालत नव्हती. अठ्ठावीस वर्षं नावं ठेवलेल्या सुनेच्याच हातची चालत होती. एके दिवशी पेजेचा चमचा तोंडापाशी आला असताना त्या म्हणाल्या, "ते तुझं गाणं म्हण. वेळ जात नाही इथे." चिझुरूनं म्हटलं. शेवटी पलंगावरून बारीक आवाज आला, "पाणी निवतंय."

तीस मेला पुस्तिकेत एकोणनव्वद शिक्के झाले. एक दिवस उरला होता आणि एकच दिवस पाहिजे होता.

एकतीस मेच्या पहाटे धुकं आलं. आपल्याच हातातली सुरी दिसत नव्हती. पाच वाजता गावाच्या भोंग्यावरून सोसायटीचा आवाज आला, "दाट धुक्यामुळे आज बंदर बंद. कोणीही होडी काढू नये."

चिझुरू शेडमध्ये आली. पायात समुद्रावरचे बूट तसेच होते. हारुएनं तिच्याकडे पाहिलं, तिच्यापुढे शिंपल्यांचा ढीग लोटला आणि टेप लावली. त्या दिवशी चिझुरूनं एका गाण्यात पन्नास कालवं फोडली. कुणी मोजल्याचं दाखवलं नाही.

साडेसहाला साचिए दार ढकलून आत आली. एका पायात चप्पल, एका पायात बूट. "वहिनी, हे आले नाहीत. चारलाच गेलेत, भोंगा व्हायच्या आधी. सहाला येतो म्हणाले होते."

"फोन कर."

"फोन घरी. चार्जिंगला."

"पुरुषाची जात," हारुए म्हणाली. "फोनही घरी, अक्कलही घरी."

चिझुरूनं सुरी खाली ठेवली. ओहोटी लागून तासभर झाला होता. मशीन बंद पडलं असेल तर ओहोटी होडीला एकाच दिशेला नेते, फेरीबोटींच्या वाटेवर. सातची फेरी धुक्यातही सुटते, फक्त हळू.

"कोस्ट गार्डला आत्ता फोन कर," ती साचिएला म्हणाली. "ते कुरेहून येईपर्यंत तासभर जाईल."

साचिए रडायला लागली. "यांनी कचेरीत नोंद केलेली नाही, वहिनी. गेल्या वर्षीही एकदा पकडले गेलेत. आता परवाना जाईल."

चिझुरूनं क्षणभर विचार केला. "मग दहा गाणी थांब. दहा गाण्यांत मी आले नाही तर काहीही झालं तरी फोन करायचा. हारुए-सान, मोजा."

"बंदी आहे," हारुए म्हणाली.

"माहीत आहे."

"शिक्का मिळणार नाही याचा."

"तेही माहीत आहे." चिझुरूनं जीवरक्षक जाकीट अडकवलं आणि ती धुक्यात शिरली.

धक्का दोन पावलांत नाहीसा झाला. तिनं मशीन मंद ठेवलं आणि गायला लागली. चाल सुटली नाही. पंचवीस वर्षं सैल पट्ट्यावर वाजलेली ती चाल तिच्या मनगटांत होती. गाणं संपलं आणि डाव्या हाताला पहिल्या रांगेचा बांबू दिसला. दुसरं संपलं, स्वतःचे तराफे. तिसरं संपलं, तेत्सुजीचे, रिकामे. पुढे काही नव्हतं. फक्त पांढरं, आणि दुरून कुठूनतरी फेरीचा भोंगा.

चौथं गाणं तिनं मोठ्यानं म्हटलं, छाती भरून, शेडमध्ये कधी म्हटलं नव्हतं इतक्या मोठ्यानं. 'सुकाणू इकडे दे, वारा मलाही ओळखतो.' संपल्यावर तिनं मशीन बंद केलं आणि कान दिला. पाणी होडीला चाटत होतं.

उजवीकडून, बऱ्याच लांबून, एक वैतागलेला आवाज आला. "आंघोळीचं पाणी निवतंय."

तेत्सुजीच्या होडीच्या पंख्यात दोर अडकला होता. तो ओलाचिंब होता, ओठ निळे पडले होते आणि त्याला राग आलेला होता, जसा वाचवलं गेल्यावर पुरुषांना येतो.

"बंदर बंद असताना तुम्ही कशाला आलात?"

"साचिए शेडमध्ये रडत होती. कालवं खारट होतात." चिझुरूनं दोर फेकला. "बांधा घट्ट. तुमच्या दादाची गाठ मारा, तुमची नको."

तिनं होडी उलटी वळवली आणि त्याला ओढत निघाली. अर्ध्या वाटेवर मागून तो म्हणाला, "वहिनी. हे सोसायटीत नको."

"बरं."

"शब्द?"

"शब्द."

शेडमध्ये नववं गाणं संपत आलं होतं. साचिएच्या हातात फोन होता आणि हारुए त्यावर ओला हात ठेवून उभी होती. होडीच्या मशीनचा आवाज ऐकू आला तेव्हा हारुएनं हात काढला आणि म्हणाली, "एक गाणं शिल्लक ठेवलंय तिनं."

शेडमधलं शेडमध्ये राहतं. चिझुरूनं बजावलं, आठही जणींनी मान डोलवली. हारुएनं सर्वांत शेवटी, आणि तेही तोंड वाकडं करून.

जूनच्या दुसऱ्या रविवारी वार्षिक सभा झाली. सोसायटीच्या हॉलमध्ये चाळीस पुरुष जमिनीवर गाद्यांवर बसले होते. चिझुरू सभासद नसल्यामुळे दाराजवळ घडीच्या खुर्चीवर. हारुए आणि दोघी चहा देत फिरत होत्या. भिंतीवर सभासदांच्या नावांच्या लाकडी पाट्या, एक खिळा रिकामा.

कुसुनोकींनी पुस्तिका दोनदा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना त्यांचा आवाज खाली आला. "एकोणनव्वद."

हॉलमध्ये चहाचे पेले खाली ठेवले गेले.

"एक दिवस," कुसुनोकी म्हणाले. "मला वाईट वाटतं. पण एकाला सोडला तर उद्या दुसरा दहा सोडा म्हणेल. चिझुरू-सान, तुम्हाला काही सांगायचं आहे?"

चिझुरूनं हात मांडीवर ठेवले. त्या हातांवर शिंपल्यांचे पांढरे वण होते, मोजता न येण्याइतके. "नाही," ती म्हणाली.

हारुए तेव्हा तेत्सुजीपाशी आली होती. तिनं त्याच्या पेल्यात चहा ओतायला सुरुवात केली. पेला भरला. ती ओततच राहिली. चहा बशीत आला, बशीतून गादीवर, गादीवरून त्याच्या पँटवर. तेत्सुजी हलला नाही, ओरडलाही नाही, फक्त खाली बघत राहिला.

"मला एक विचारायचंय," कोपऱ्यातून गेन्झो म्हणाले. त्यांचं वय एक्क्याऐंशी, सभेत ते दरवर्षी एकदाच बोलतात आणि तेही जेवण कधी आहे हे विचारायला. "धुक्याच्या दिवशी मी धक्क्याच्या टोकाला जाळी विणत होतो. म्हाताऱ्याला झोप येत नाही. मागून शेडमधलं गाणं येत होतं, रोजच्यासारखं. पण तेच गाणं पुढून, पाण्यावरूनही येत होतं. तेवढंच हळू. जगात एवढं हळू ते गाणं दुसरं कोणी म्हणत नाही, माझ्या नातीनं मला खरं ऐकवलंय."

"मग?" कुसुनोकींनी विचारलं.

"मग पाण्यावरून एक पुरुष म्हणाला, आंघोळीचं पाणी निवतंय. मला वाटलं मला न्यायला आलेत. मी घरी जाऊन आंघोळ करून बसलो. अजून कोणी आलं नाही, म्हणून विचारतो."

हसावं की नाही हे हॉलला कळेना. कुसुनोकींनी चिझुरूकडे पाहिलं. "त्या दिवशी तुम्ही समुद्रावर होता?"

"मी शब्द दिलाय," चिझुरू म्हणाली. "त्यावर मला बोलता येणार नाही."

तेत्सुजी उठला. त्याच्या पँटमधून चहा ठिबकत होता. "मी होतो," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "नोंद न करता गेलो होतो. पंख्यात दोर अडकला. फेरीच्या वाटेवर वाहत चाललो होतो. वहिनींनी येऊन ओढून आणलं. गप्प बसायला मीच सांगितलं. त्यांचा तो नव्वदावा दिवस होता हे मला तेव्हा सुचलं नाही." तो थांबला. "नंतर सुचलं. तरी गप्प बसलो."

तो खाली बसला नाही. उभाच राहिला, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा.

एक-दोघे म्हणाले, दिवस धरा. एक-दोघे म्हणाले, बंदर बंद असलेला दिवस कसा धरणार. कुसुनोकींनी नियमांचं पुस्तक काढलं, बराच वेळ पानं उलटली. शेवटी चष्मा कपाळावर चढवून ते म्हणाले, "बंदीच्या दिवशी समुद्रावर गेल्याबद्दल शिक्षा आहे. महिनाभर धक्क्याखालचे शिंपले खरवडायचे. ही शिक्षा तेत्सुजीला होईल आणि चिझुरू-सानलाही. त्यात सूट नाही."

"चालेल," चिझुरू म्हणाली.

"थांबा. शिक्षा करायची तर ती एकतीस मे रोजी समुद्रावर होती असं मला दप्तरात लिहावं लागेल. आणि एकदा लिहिलं," त्यांनी शिक्क्याची पेटी पुढे ओढली, "की शिक्का मारल्याशिवाय दप्तर पूर्ण होत नाही. मी काय करणार. नियम मी केलेला नाही."

शिक्का बसला त्याचा आवाज दारापर्यंत आला. मग हात वर करायला सांगितले. पहिला हात तेत्सुजीचा होता, तो उभाच असल्यामुळे सगळ्यांत उंच दिसला. बाकीचे एकेक करून वर आले. दोन आले नाहीत, त्यांची नावं हारुएनं लक्षात ठेवली.

पाटी तयार नव्हती. कुसुनोकींनी कोरी पाटी आणि ब्रश आणवला आणि आडनाव लिहून थांबले. "पुढे पतीचं नाव...?"

"पुढे चिझुरू," चिझुरू म्हणाली.

त्यांनी लिहिलं. अक्षर सुंदर होतं त्यांचं. पाटी रिकाम्या खिळ्यावर लागली, शाई ओली असतानाच.

सभेनंतर जेवण आणि दारू असते, आणि नव्या सभासदानं मासळीच्या उलट्या क्रेटवर उभं राहून गाणं म्हणायचं असतं. आजवर सगळ्यांनी होडी आणि किनारा म्हटलेलं. चिझुरू चढली. सोसायटीनं गाण्याचं मशीन भाड्यानं आणलं होतं. एका तरुण सभासदानं उत्साहानं तिचं गाणं शोधून लावलं आणि हॉलभर ती धावती, चिमणीच्या आवाजाची चाल पसरली.

चाळीस पुरुष एकमेकांकडे बघू लागले.

"हे कोणतं?"

"तेच गाणं आहे म्हणतो."

"छे. ते असं नाही. मशीन बिघडलंय."

दाराशी भांडी आवरणाऱ्या हारुएनं मान डोलवली. कितीतरी वर्षं ती हेच म्हणत आली होती.

तेत्सुजीनं उठून वायर काढली. हॉल शांत झाला. मग त्यानं दोन हात समोर धरून टाळी वाजवली, मग जरा थांबून दुसरी, शेडमधल्या सुरीच्या गतीनं. गेन्झोंनी धरली. कुसुनोकींनी टेबलावर बोटानं धरली. पहाटे पहाटे, अर्ध्या झोपेत, होडीच्या दोरांशी झटताना सबंध आयुष्य कानावर पडलेली ती चाल सगळ्यांना येत होती. कुणी ती कधी कुणासमोर म्हटली नव्हती इतकंच.

चिझुरूनं हात जवळ घेतले नाहीत, मान खाली घातली नाही. लिफ्टमध्ये दिवसातून चारशे वेळा वाकलेली ती बाई क्रेटवर सरळ उभी राहिली आणि तिनं गाणं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जाड मानेच्या पन्नाशीच्या बाईच्या आवाजात. हारुएनं मनात योजलेली गायिका अखेर समोर उभी होती. शेवटची ओळ संपली. एक क्षण तिनं श्वास घेतला.

आणि चाळीस पुरुष, कुणीही खूण न करता, एका सुरात म्हणाले, "आंघोळीचं पाणी निवतंय."